छेद घेण्यापूर्वीचं एक मिनिट

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठीची सुरक्षा-यादी प्रसिद्ध केली. कागद एकच, बाबी एकोणीस. त्यातली एकही नवी नव्हती. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूची, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिलं का, रक्त टिपण्याचे मॉप मोजले का; हे एखाद्या इंटर्नला विचारलं तर तोही न अडखळता सांगेल. अशा कागदाने मृत्यू कमी होतात, हा दावा पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेक सर्जनांना किंचित अपमान झाल्यासारखं वाटतं. या विषयात शिरायला ती जागा चांगली आहे. ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत त्या दर वेळी का घडत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, औषधशास्त्राच्याही नाही. एका खोलीत एकत्र काम करणाऱ्या माणसांविषयीचा हा प्रश्न आहे आणि गेल्या वीसेक वर्षांत त्याभोवती एक अभ्यासक्षेत्र उभं राहिलं आहे.

हे पुस्तक त्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ओटी सिस्टर यांच्यासाठी तर आहेच. पण ज्यांनी ऑपरेशन थिएटर आतून कधी पाहिलेलं नाही अशा संख्याशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. या विषयातले काही उत्तम निबंध अशाच बाहेरच्या माणसांनी लिहिले आहेत. थिएटरचे कपडे घालून कोपऱ्यात उभं राहायचं, कोण कुणाशी बोलतं आणि कोण गप्प राहतं हे वहीत टिपायचं, एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे दाखवलं ते आतल्या लोकांच्या वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होतं आणि तरी दिसलेलं नव्हतं. तेव्हा ‘आपण डॉक्टर नाही’ म्हणून कुणी बिचकू नये.

आधी प्रश्नाचा आवाका. जगात दरवर्षी मोठ्या शस्त्रक्रिया किती होतात, हे २००८ पर्यंत कुणी नीट मोजलंच नव्हतं. त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार तो आकडा २३ कोटी ४० लाखांच्या घरात होता, २०१२ सालासाठी पुन्हा केलेल्या मोजणीत तो ३१ कोटींच्या वर गेला. शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंत देशांची चैन, गरीब देशांनी लशी आणि स्वच्छ पाणी बघावं, ही सार्वजनिक आरोग्यातली जुनी वाटणी त्या आकड्यापुढे टिकेना. संघटनेच्या त्याच काळातल्या हिशेबात औद्योगिक देशांत मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ३ ते १६ टक्के धरलं होतं, विकसनशील देशांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचं ५ ते १० टक्के, आणि यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं.

यादीच्या कामाची धुरा अतुल गावंडे यांच्याकडे होती. हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. बोस्टनमध्ये अनेक वर्षं शस्त्रक्रिया केलेले आणि तितक्याच सफाईने लिहिणारे गावंडे जन्माने अमेरिकन. वडील आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडच्या उटी गावचे. ‘बेटर’ या २००७ च्या पुस्तकात अतुल यांनी नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या दिवसांवर लिहिलं आहे. साधनं अपुरी, रुग्णांची रीघ, आणि त्यातूनही वाट काढणारे सर्जन. ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ दोन वर्षांनी आलं आणि जगभर वाचलं गेलं. माझी शिफारस अशी की ही दोन्ही पुस्तकं याच क्रमाने वाचावीत. दुसरं एकटं वाचलं तर यादी ही तंत्राची करामत वाटण्याचा धोका आहे. आधी नांदेड वाचलेलं असलं की तो राहत नाही.

यादीचे थांबे तीन. भूल देण्याआधी ‘साइन-इन’, छेद घेण्याआधी ‘टाइम-आउट’, आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी ‘साइन-आउट’. प्रत्येक थांब्याला एक-दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू नये असा हिशेब. २००७ च्या ऑक्टोबरपासून २००८ च्या सप्टेंबरपर्यंत आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. टोरांटो, सिएटल, लंडन, ऑकलंड ही चार सधन ठिकाणं. दिल्ली, मनिला, अम्मान आणि टांझानियातलं इफाकारा ही दुसरी चार. यादी येण्याआधीचे ३,७३३ रुग्ण आणि आल्यानंतरचे ३,९५५. जानेवारी २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. एखाद्या नव्या औषधाने असा आकडा दाखवला असता तर त्याच्या कंपनीचे शेअर वधारले असते.

हे दोन आकडे सगळे उद्धृत करतात. त्याच निबंधातला तिसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. संशोधकांनी सहा साध्या कृती निवडल्या होत्या. श्वासमार्गाची तपासणी, पल्स ऑक्सिमीटर, जास्त रक्तस्राव अपेक्षित असेल तर पुरेशा शिरा आधीच लावून ठेवणं, वेळेवर प्रतिजैविक, रुग्ण आणि जागा यांची तोंडी खात्री, आणि मॉपची मोजणी. या सहाही कृती एकाच रुग्णाच्या बाबतीत पार पडल्या, असं यादीआधी ३४.२ टक्के वेळा घडत होतं. यादीनंतर ५६.७ टक्के. म्हणजे यादी हातात असूनही दहातल्या चार रुग्णांच्या बाबतीत काही ना काही राहूनच जात होतं. आणि तरीही मृत्यू जवळपास निम्मे झाले. सहा कृतींच्या हिशेबात हे बसत नाही. मग उरलेलं कुठून आलं? काहींच्या मते थिएटरमधला संवाद बदलला, त्यातून. काहींच्या मते आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस नीट वागतो, त्यातून. काहींच्या मते तुलनेसाठी यादीविना चालणारी रुग्णालयं नव्हती, तेव्हा आकडाच फुगलेला असेल. या क्षेत्रातलं निम्मंअधिक संशोधन या तीन उत्तरांच्या भांडणातून निघालं आहे.

भांडण पेटलं २०१४ मध्ये. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने सगळ्या रुग्णालयांना यादी सक्तीची केली होती. १०१ रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त शस्त्रक्रिया, यादीच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन. मृत्यू ०.७१ टक्के होते ते ०.६५ झाले, गुंतागुंती ३.८६ च्या ३.८२. संख्याशास्त्राच्या भाषेत काहीच घडलं नाही. अनुपालन मात्र जवळपास पूर्ण असल्याचं रुग्णालयं स्वतःच कळवत होती. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयाच्या अभ्यासात निरीक्षक थिएटरात उभे करण्यात आले. कागदावर शंभर टक्के याद्या पूर्ण. प्रत्यक्षात तेरांपैकी सरासरी चार मुद्देच उच्चारले जात होते. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा. ऑन्टारिओत नेमकं काय मोजलं गेलं, कागद की थांबा, अशी शंका मग आपोआप येते. यादीच्या समर्थकांनी ती लगेच उचलली, आणि मला ती बरीचशी पटते. पण तिच्यात एक गैरसोयीची पळवाटही आहे. निकाल चांगला आला तर यादीचं यश आणि वाईट आला तर अंमलबजावणीचं अपयश, असं म्हणत राहिलं तर यादी चुकीची ठरण्याचा रस्ताच बंद होतो. विद्यार्थ्याने हे वाक्य मनात ठेवून समर्थकांचं लिखाण वाचावं, माझ्यासकट.

बाकीचे पुरावे एका बाजूला झुकलेले आहेत, पण एकसारखे नाहीत. नेदरलँड्समध्ये त्याआधीच, २०१० मध्ये, वॉर्डमध्ये दाखल होण्यापासून घरी सोडेपर्यंतची एक लांबलचक यादी वापरली गेली होती. दर शंभर रुग्णांमागच्या गुंतागुंती २७.३ वरून १६.७ वर आल्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णालयांत तसा फरक दिसला नाही. नॉर्वेत यादी कुठल्या विभागात कधी सुरू करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये छापून आला. गुंतागुंती १९.९ टक्क्यांच्या ११.५ टक्के झाल्या. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयाने ७०० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून केलेला अभ्यास आला. यादीच्या गटात मृत्यू कमी होते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामध्ये कार्यक्रम शेवटपर्यंत नेणाऱ्या चौदा रुग्णालयांत तीस दिवसांतले मृत्यू ३.३८ वरून २.८४ टक्क्यांवर आले, बाकीच्या रुग्णालयांत ते किंचित वाढले. आता इथेही सावध राहायला हवं. कार्यक्रम शेवटपर्यंत नेणारी रुग्णालयं मुळातच वेगळी असतात. जिथे प्रमुख स्वतः थिएटरात येऊन यादी म्हणून दाखवतात, तिथे बाकीच्या गोष्टीही बऱ्या चाललेल्या असतात.

या गुंत्याचा सर्वांत स्वच्छ उलगडा शस्त्रक्रियेच्या बाहेरून झाला, अतिदक्षता विभागातून. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच गोष्टी लिहून काढल्या. हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, रुग्ण पूर्ण झाकणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की नळी काढणं. मिशिगन राज्यातल्या शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत या नळ्यांमुळे होणारा रक्तातला संसर्ग इतका खाली गेला की २००६ चा तो निबंध वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांपर्यंत पोचला. ‘पाच ओळींनी जीव वाचवले’ अशी कथा तयार झाली. ती कथा मोडून काढली समाजशास्त्रज्ञांनी. मेरी डिक्सन-वूड्स, चार्ल्स बॉस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यात खुद्द प्रोनोव्होस्टही होते, दाखवून दिलं की मिशिगनमध्ये यादी हा सगळ्यात लहान भाग होता. प्रत्येक विभागाला स्वतःच्या संसर्गाचे आकडे दर महिन्याला कळत होते. शेजारच्या रुग्णालयाचे डॉक्टर आपल्याला बघताहेत ही जाणीव होती. लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीवर आणून ठेवलं होतं. आणि डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार नर्सला स्पष्टपणे दिलेला होता. वाद झालाच तर व्यवस्थापन तिच्या मागे उभं राहणार होतं. इंग्लंडने तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा संसर्ग कमी झाला खरा, पण जे विभाग अजून कार्यक्रमात आलेच नव्हते तिथेही तो घटतच होता. मग श्रेय कुणाचं, हे सांगणं अवघड झालं.

याच मिशिगनवरून एक नैतिक वादही झाला, त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. २००७ च्या अखेरीस अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने हरकत घेतली की हे संशोधन आहे, आणि रुग्णांची संमती घेतलेली नाही. हात धुवा म्हणून सांगायला संमती? आकडे गोळा करणं काही काळ थांबलं, गदारोळ झाला, पुढे कार्यालयाने भूमिका सैल केली. सुधारणा कुठे संपते आणि प्रयोग कुठे सुरू होतो, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. आपल्याकडच्या नीतिसमित्यांपुढे असे प्रस्ताव येतात तेव्हा त्यांनीही तो सोडवलेला नसतो.

आता यादीतल्या ओळींकडे जरा जवळून पाहू, कारण प्रत्येक ओळीमागे तिचा वेगळा इतिहास आहे.

प्रतिजैविकाची ओळ घ्या. छेद घेण्याआधीच्या साठ मिनिटांत ते दिलं गेलं का, असं यादी विचारते. वेळेला एवढं महत्त्व का, याचं गाजलेलं उत्तर १९९२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या २,८४७ रुग्णांच्या अभ्यासातून मिळालं होतं. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग सर्वांत कमी, फार आधी किंवा छेदानंतर मिळालेल्यांत जास्त. कारण सरळ आहे. जंतू जखमेत शिरतात त्या क्षणी औषध ऊतींमध्ये पोचलेलं असायला हवं. अनेक ठिकाणी इंजेक्शन वॉर्डमध्येच दिलं जाई, मग आधीची केस लांबली की रुग्ण दोन-दोन तास बाहेर स्ट्रेचरवर. औषध दिल्याची नोंद खरी, उपयोग निघून गेलेला. यादीने ते देण्याची जागा वॉर्डातून थिएटरात आणली.

पल्स ऑक्सिमीटरची ओळ वेगळ्या जातीची आहे. हे यंत्र जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कामातून आलं. बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन कळतो. कोविडनंतर मराठी घराघरात ते ठाऊक झालं. पण यादी लिहिली जात होती तेव्हा जगातल्या सुमारे ७७ हजार थिएटरांत ते नव्हतं, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे एकोणीस बाबींतली अठरा माणसांच्या वागण्याविषयी, आणि एक चक्क खरेदीविषयी. ती ओळ टिक करता येत नसेल तर रुग्णालयाला लाज वाटावी, हाच हेतू. २०११ मध्ये याच गरजेतून ‘लाइफबॉक्स’ ही संस्था निघाली.

मॉपच्या मोजणीची ओळ सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फसवी. पोटात राहिलेला मॉप ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येते आणि वाचणारा म्हणतो, मोजले नसतील. गावंडे यांच्याच गटाने २००३ मध्ये अशी प्रकरणं तपासली. ज्यांत मोजणी झाल्याची नोंद होती त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत शेवटची मोजणी ‘बरोबर’ लिहिलेली होती. तातडीची शस्त्रक्रिया, मध्येच बदललेला बेत आणि रुग्णाचं जादा वजन, या तीन परिस्थितींत धोका वाढत होता. घाई, गोंधळ आणि जागा. ओळ टिक झाली म्हणून काम झालं असं नाही, याचा इतका कोरडा पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

आणि मग ती ओळ, जिला आपल्याकडे सर्वांत जास्त हसतात. छेद घेण्याआधी थिएटरातल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वीस वर्षं एकत्र काम करतो, आता ओळख कसली करून द्यायची, असं म्हणून बहुतेक ठिकाणी ही ओळ गाळली जाते. पण आपल्या थिएटरात कोण कुणाला कशी हाक मारतं ते ऐका. सर्जन ‘सर’ किंवा ‘मॅडम’, नर्स ‘सिस्टर’, वॉर्डबॉय ‘मामा’, सफाई करणाऱ्या ‘मावशी’. वरच्याला पदवी, खालच्याला नातं. नाव जवळपास कुणालाच नाही. या हाकांत माया आहे हे खरं, आणि त्यात उतरंड पक्की बसलेली आहे हेही खरं. नुकती बदली होऊन आलेली सिस्टर ‘सर, डावी बाजू म्हणालात, एक्स-रे उजवीचा लावलाय’ हे वाक्य कुठल्या आवाजात म्हणेल, म्हणेल की नाही, हे त्या हाकांनी बरंचसं आधीच ठरवलेलं असतं. एकदा तोंड उघडून नाव सांगितलेला माणूस पुढे अडचण दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, अशी या ओळीमागची कल्पना. ओळखपरेड म्हणून ती हास्यास्पद आहेच. घसा मोकळा करण्याची संधी म्हणून तिच्याकडे बघावं.

गप्प राहण्याची किंमत काय असते, हे इंग्लंडमधल्या २००५ च्या एका प्रकरणाने जगाला सांगितलं. सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या सदतीस वर्षांच्या स्त्रीला भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. ऑक्सिजन खाली गेलेला. एका नर्सने श्वासनलिकेला छेद देण्याचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली, आणि बाकीच्यांकडे बघून आपणच अतिरेक करतोय असं वाटल्याने रद्द केली. काय करायला हवं ते त्या खोलीत माहीत होतं. ज्यांना माहीत होतं त्यांचं कुणी ऐकलं नाही. तेरा दिवसांनी ती स्त्री गेली. तिचा नवरा विमानचालक. त्याने कुणाला शिक्षा मागण्याऐवजी काय घडलं ते जाहीर व्हावं असा आग्रह धरला आणि २००७ मध्ये वैद्यकातल्या मानवी घटकांचा अभ्यास करणारा गट उभा केला. या विषयाचं प्रशिक्षण आज त्या प्रकरणाशिवाय पुरं होत नाही.

विमानाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट बोलून टाकतो. चेकलिस्टवरचं प्रत्येक भाषण ओहायोतल्या डेटन इथल्या १९३५ च्या बोईंग अपघाताने सुरू होतं. विमानाच्या नियंत्रणांचं कुलूप काढायला विसरलेले वैमानिक, त्यानंतर निघालेली वैमानिकांसाठीची यादी. गोष्ट खरी आहे आणि ऐकायला छान आहे. पण विमानं एका साच्यातून निघतात, वैमानिक विमानाबरोबर खाली पडतो, आणि विमानाला मधुमेह नसतो. विमानवाहतुकीकडून शिकण्यासारखं जे आहे ते यादी लिहिण्याच्या कारागिरीत आहे. यादी किती लांब असावी, आधी काम करून मग पडताळायचं की वाचत वाचत काम करायचं, कुठल्या क्षणी थांबणं शक्य असतं, एवढं घ्यावं आणि बाकीचं वैमानिकांकडेच राहू द्यावं.

यादीची मर्यादा पाहायची असेल तर उत्तर प्रदेशात जावं लागतं. शस्त्रक्रियेच्या यादीच्या धर्तीवर जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित बाळंतपणाची यादी बनवली आणि उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत तिचा भला मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत यादीबरोबर आठ महिने प्रशिक्षकही जात होते. दीड लाखांहून अधिक बाळंतपणं. दोन महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के पार पडत होत्या, यादीविना चालणाऱ्या केंद्रांत ४१.७. प्रशिक्षक गेल्यावर तफावत कमी झाली, तरी टिकून होती. मृत्यू मात्र दोन्हीकडे सारखेच. २०१७ मध्ये हा निकाल आला तेव्हा अनेकांना तो कटू वाटला. मला तो या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक निबंध वाटतो. हात धुतले, रक्तदाब मोजला, तापमान घेतलं; पण रक्तपेढी लांब, सीझर करणारं कुणी नाही, बाळाला पुढे पाठवायला वाहन नाही. यादी हाताशी असलेल्या गोष्टीच करवून घेऊ शकते. आठ शहरांच्या अभ्यासातल्या इफाकाऱ्यातही सर्जन, भूल आणि थिएटर निदान होतं.

भारतात आज यादी सर्वत्र आहे, असं कागद सांगतो. रुग्णालयांच्या ‘एनएबीएच’ मानांकनासाठी ती लागते, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने ती सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती-थिएटरांत नेली. दिवसभराच्या सगळ्या केसेसचे फॉर्म सकाळीच टिक करून, सह्या घेऊन फायलीत लावून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि मानांकनाच्या तपासणीत ते उत्तम ठरलेलेही. हे आळसाने होतं असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळी संपणाऱ्या केसेसच्या रांगेत एका सिस्टरकडे दोन टेबलं असतील आणि फॉर्म अपुरा राहिला म्हणून बोलणी तिलाच बसणार असतील, तर ती दुसरं काय करेल? फॉर्म कोण भरतं आणि कोण वाचून दाखवतं, हा प्रश्न म्हणूनच संशोधनाचा आहे. ज्या ठिकाणी सर्जन स्वतः ‘थांबा’ म्हणतो तिथलं चित्र आणि ज्या ठिकाणी सिस्टरने आठवण करून द्यायची तिथलं चित्र, यांची भारतीय रुग्णालयांत नीट तुलना व्हायला हवी.

यादी वापरणाऱ्यांना स्वतःला ती कशी वाटते? आठ शहरांतल्या कर्मचाऱ्यांना पुढे विचारलं गेलं तेव्हा यादी वापरायला सोपी आहे असं सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती वेळखाऊ वाटत होती. मग विचारलं, तुमच्यावरच शस्त्रक्रिया असेल तर? ९३ टक्क्यांना ती हवी होती.

या पुस्तकात जे नाही त्याविषयी दोन शब्द. जगातल्या अभ्यासांतलं थिएटर हे बहुधा मोठ्या रुग्णालयातलं असतं, जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स एकाच संस्थेच्या पगारावर असतात. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी फार मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया होतात त्या दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयांत. तिथे सर्जन हाच मालक. भूलतज्ज्ञ फोनवर बोलावलेला. आपली बॅग घेऊन येतो, एक केस करतो आणि गावातल्याच दुसऱ्या रुग्णालयात जातो, दिवसाला चार-पाच ठिकाणी. सिस्टर बहुतेक वेळा तिथेच शिकून तयार झालेली. रात्री दोनला सीझर असेल तर तीही घरून येते. ‘साइन-इन’ला जी तीन माणसं लागतात ती एकत्र येतात तेव्हा रुग्ण टेबलावर असतो, आणि ‘साइन-आउट’च्या वेळी भूलतज्ज्ञाचा फोन वाजायला लागलेला असतो. रुग्ण शुद्धीवर येताना कशावर नजर ठेवायची हे तो जाता जाता कुणाला सांगतो, काय सांगतो, आणि ते कुठे लिहिलं जातं का? नावं सांगण्याची जी ओळ मोठ्या रुग्णालयात वरवरची वाटते, ती कदाचित इथेच सर्वांत उपयोगाची ठरेल, कारण इथे माणसं खरोखरच एकमेकांना रोज भेटणारी नसतात. पण हे ‘कदाचित’ आहे.

संघटनेच्या मूळ कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक सूचना छापलेली आहे. ही यादी परिपूर्ण नाही, स्थानिक गरजेनुसार तिच्यात भर घालावी, बदल करावेत. आपल्याकडे भिंतीवर लावलेल्या बहुतेक प्रतींत ती तशीच्या तशी उतरलेली असते, आणि वरच्या एकोणीस बाबीही तशाच्या तशा. फिरत्या भूलतज्ज्ञासाठी ‘साइन-आउट’ कसं असावं, रात्रीच्या तातडीच्या सीझरसाठी तीन थांब्यांचे दोन केले तर काय हरवतं, पुढची यादी मराठीत मोठ्याने वाचली गेली तर वॉर्डबॉयही मध्ये बोलेल का, या प्रश्नांवर काम करायला मोठं अनुदान लागत नाही. एक तालुका, तिथली आठ-दहा रुग्णालयं, परवानगी आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पहिल्या प्रकरणात ती वही कशी लिहायची ते दिलं आहे.